मोर्चाच्या आदल्या रात्रीही या

(मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र)

सन्माननीय संपादक मंडळी,



दर जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये गर्भपाताच्या विरोधात मोठा मोर्चा निघतो. ‘मार्च फॉर लाइफ’ हे त्याचं नाव. त्याची बातमी तुमच्याकडे आली, तर आतल्या पानावर एका छायाचित्राखाली चार ओळींत येते. छायाचित्रात लाल टोप्या असतात, ओळींत ट्रम्प यांचं नाव असतं आणि बाकी सगळी गर्दी ‘कट्टर ख्रिस्ती’ या दोन शब्दांत उरकलेली असते. मी वसईची कॅथलिक बाई. लग्नानंतर मेरीलँडला आले, इथे परिचारिका म्हणून काम करते आणि आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) बसमधून या मोर्चाला जाते. घरी परतल्यावर तुमची पानं उघडून बघते. ज्या माणसांबरोबर मी चालले, ती तिथे सापडत नाहीत. म्हणून हे पत्र.

तुम्ही आमच्या बाजूने लिहावं अशी माझी मागणी नाही, हे सुरुवातीलाच सांगते. गर्भपाताच्या प्रश्नावर तुमच्यातल्या बहुतेकांचं मत माझ्या उलट असणार. ते मत तुम्ही बायकांचे हाल बघून बनवलं आहे, हेही मला ठाऊक आहे. माझं म्हणणं इतकंच, की ज्यांच्याशी आपलं पटत नाही त्यांची बातमी देताना जास्त चौकशी करावी लागते, आणि ती तुम्ही करत नाही.

पहिली गोष्ट इतिहासाची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ खटल्याचा निकाल सात विरुद्ध दोन अशा मतांनी दिला आणि गर्भपाताचा हक्क देशभर लागू झाला. बरोबर एका वर्षाने, २२ जानेवारी १९७४ ला, पहिला मोर्चा निघाला. तो उभा केला नेली ग्रे यांनी. त्या सरकारी नोकरीतल्या वकील, मोठेपणी कॅथलिक झालेल्या. २०१२ साली वारल्या, तोवर मोर्चाची धुरा त्यांच्याकडेच होती. त्या सुरुवातीच्या वर्षांत रस्त्यावर आलेली माणसं मुख्यतः कॅथलिक होती, आणि अमेरिकेतला कॅथलिक माणूस तेव्हा बहुधा डेमोक्रॅटिक पक्षाचा मतदार असे. आज ज्यांना तुम्ही या चळवळीचा चेहरा समजता, ते दक्षिणेतले प्रोटेस्टंट नंतर आले. त्यांच्यातल्याच सदर्न बॅप्टिस्ट मंडळींच्या अधिवेशनाने १९७१ साली काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा असावी असा ठराव केला होता. १९७२ साली डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले सार्जंट श्रायव्हर आणि त्यांच्या पत्नी युनिस केनेडी श्रायव्हर दोघेही गर्भपाताच्या विरोधात होते. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर बॉब केसी याच पक्षाचे आणि याच मताचे. १९९२ च्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांना बोलायला व्यासपीठ मिळालं नाही. पुढे पक्ष आणि हा प्रश्न एकमेकांना घट्ट चिकटले ते कसे, त्यात कोणी काय गमावलं, ही मोठी राजकीय कथा आहे. मराठीत ती कोणी सविस्तर लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

मोर्चात राजकारण नाही असं मी म्हणणार नाही. राष्ट्राध्यक्ष रेगन व्हाइट हाउसमधून फोनवरून मोर्चाशी बोलत. २०१७ साली उपराष्ट्राध्यक्ष पेन्स स्वतः आले. २४ जानेवारी २०२० ला ट्रम्प आले. राष्ट्राध्यक्षाने तिथे प्रत्यक्ष उभं राहून भाषण करण्याची ती पहिली वेळ. व्यासपीठ दिवसेंदिवस एका पक्षाकडे कललं, याचं मला आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींना दुःख आहे. पण व्यासपीठ म्हणजे मोर्चा नव्हे, हे तुम्हाला कोणी सांगायची गरज नसावी. शेतकऱ्यांच्या मोर्चात कोणता पुढारी माइकपाशी पोचला एवढ्यावर तुम्ही शेतकऱ्याचं म्हणणं ठरवत नाही. मागे जाऊन त्याला विचारता.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जिव्हाळ्याची. तुमच्या बातमीत मोर्चा आहे, प्रार्थना नाही. आमच्यासाठी मोर्चा सुरू होतो तो आदल्या संध्याकाळी. शहराच्या ईशान्य भागात निष्कलंक मरिया मातेची राष्ट्रीय बॅसिलिका आहे. उत्तर अमेरिकेतलं हे सगळ्यांत मोठं कॅथलिक चर्च. १९२० साली पायाचा दगड बसला, १९५९ साली वरचं मुख्य चर्च प्रार्थनेसाठी खुलं झालं. जागरणाच्या प्रार्थनेची सुरुवात इथे मिस्साने, म्हणजे सामुदायिक उपासनेने, होते. देशभरातून आलेले बिशप, धर्मगुरू आणि गुरुकुलातले विद्यार्थी वेदीकडे निघतात, तेव्हा ती प्रवेशाची मिरवणूकच संपता संपत नाही. बाकांवर जागा नसते. मुलं खांबांच्या कडेने, बाजूच्या वेद्यांसमोर, जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेली असतात. बहुतेक जण सोळा-सतरा वर्षांचे, ओहायो, नेब्रास्का, लुइझियाना अशा दूरच्या राज्यांतून बसमधून आलेले, पाठीवर झोपायची पिशवी अडकवलेले. शेजारच्या कॅथलिक विद्यापीठाने आपली व्यायामशाळा अशा मुलांना निजायला देण्याची पद्धत ठेवली आहे.

मिस्सा आटोपली की खालच्या चर्चमध्ये परमप्रसादाची आराधना सुरू होते. वेगवेगळे गट तास वाटून घेतात. रात्री दोनला, तीनला कोणी ना कोणी गुडघ्यावर असतं. एका बाजूला कुमसारासाठी (पापांच्या कबुलीसाठी) रांग, कोपऱ्यात हलक्या आवाजात रोझरी. या बॅसिलिकेत वेलंकणी मातेचीही जागा आहे, १९९७ पासून. भारतातून आलेली माणसं तिथे हमखास थबकतात. वसईची असोत, केरळची असोत की गोव्याची, मेणबत्ती लावल्याशिवाय पुढे जात नाहीत. तिथे मी बायकांना रडताना पाहिलं आहे. त्यांतल्या कोणाचं काय गेलं होतं ते मी विचारलं नाही. पण परिचारिका म्हणून मला एवढं कळतं, की गर्भपात झालेली बाई या गर्दीत मोठ्या संख्येने असते. तुमचा वाचक समजतो, की ती मोर्चाच्या पलीकडच्या फुटपाथवर उभी आहे. ती आमच्या बाकावर बसलेली असते. याच बायकांसाठी १९८४ साली मिल्वॉकीत ‘प्रोजेक्ट रेचल’ हे काम सुरू झालं. गर्भपातानंतर मनात राहिलेलं दुःख बोलायला जागा मिळावी आणि कोणी धिक्कारू नये, हा त्याचा हेतू. आज ते अमेरिकेतल्या अनेक धर्मप्रांतांत चालतं. तुमच्या कोणत्याही बातमीत मला ते नाव दिसलेलं नाही.

कोणती गोष्ट किती दूर पोचते, याची दोन उदाहरणं देते. जानेवारी २०१६ मध्ये मोठं हिमवादळ झालं. मोर्चाहून परतणाऱ्या बसगाड्या पेनसिल्व्हेनियाच्या महामार्गावर अडकून पडल्या, काही जवळजवळ अख्खा दिवस. तिथे अडकलेल्या विद्यार्थ्यांनी रस्त्याकडेच्या उतारावर बर्फाची वेदी रचली आणि बरोबरच्या धर्मगुरूंनी तिच्यावर मिस्सा केली. इथल्या पत्रांनी ते छायाचित्र ठळकपणे छापलं. याउलट जानेवारी २०१९ मध्ये लिंकन स्मारकापाशी मोर्चाला आलेला एक कॅथलिक शाळकरी मुलगा आणि ढोल वाजवणारे एक मूळनिवासी वृद्ध समोरासमोर उभे असल्याची छोटी चित्रफीत जगभर फिरली. त्याच्या आणि सोबतच्या मुलांच्या डोक्यावर ट्रम्प यांच्या प्रचाराच्या टोप्या होत्या आणि त्या मला आजही खटकतात. प्रार्थनेला येताना कोणत्याही पक्षाची टोपी घरी ठेवावी. पण पूर्ण चित्रीकरण बाहेर आल्यावर मुलाने त्या वृद्धांना डिवचल्याची पहिल्या दिवशीची गोष्ट अर्धवट निघाली. त्या मुलाने अब्रूनुकसानीचे दावे लावले आणि काही मोठ्या अमेरिकन माध्यमसंस्थांनी ते तडजोडीने मिटवले. ती चित्रफीत मराठी वाचकांच्या फोनवरही पोचली होती. माझ्याकडे ती वसईहून आली, नातेवाइकांकडून. पुढचा भाग मात्र कोणी पाठवला नाही, आणि तो मराठीत मला कुठे वाचायलाही मिळाला नाही.

आता सर्वांत कठीण गोष्ट. ती टाळून हे पत्र लिहिलं तर मी अप्रामाणिक ठरेन.

गर्भपात आणि कॅथलिक हे शब्द मराठी वाचकाच्या मनात एकत्र आले की तिसरं नाव येतं सविता हलप्पनवार यांचं. बेळगावची मुलगी, दंतवैद्य, वय ३१. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेला सतरा आठवड्यांची गरोदर असताना तिचा गर्भ पडू लागला. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. तिने गर्भपात मागितला. बाळाचे ठोके सुरू आहेत म्हणून तो नाकारला गेला. हा कॅथलिक देश आहे, असं तिला एका सुईणीने सांगितलं. ते पुढे चौकशीत कबूलही झालं. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने सविता गेली. बातमी आली त्या वर्षी ऐन दिवाळीत. मी ती वाचली तेव्हा सुन्न झाले. तिच्या जागी माझी बहीण असू शकली असती.

तुम्ही संतापून लिहिलंत आणि तुमचा संताप रास्त होता. आयर्लंडने २०१३ मध्ये कायदा बदलला आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक लोकांनी घटनेतली बंदीच काढून टाकली. त्या निकालामागे सविताचं मरण होतं. पण तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत आणि ती सांगायला हवी होती. चर्चची शिकवण आईला मरू द्या असं म्हणत नाही. अमेरिकेतल्या कॅथलिक रुग्णालयांसाठी बिशपांनी घालून दिलेल्या नियमावलीतलं ४७ वं कलम सांगतं, की गरोदर बाईच्या गंभीर आजारावरचा उपचार थांबवून ठेवणं सुरक्षित नसेल, तर तो करायला मुभा आहे. त्यात गर्भ दगावणार असला तरीही. सविताच्या प्रकरणाच्या चौकशीत जंतुसंसर्ग वेळेवर न ओळखल्याचा आणि तिच्यावर नीट लक्ष न ठेवल्याचा ठपका आला. कायद्याचं दडपण होतं हेही त्याच चौकशीतून पुढे आलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. वाचकाला दोन्ही कळायला हव्यात.

आणि इथेच तुम्ही आम्हाला धारेवर धरायला हवं. २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ‘डॉब्स’ निकालाने ‘रो’ रद्द झाला आणि प्रश्न राज्यांकडे गेला. काही राज्यांनी इतके कडक कायदे केले, की गर्भ पडू लागलेल्या बाईला हात लावण्याआधी डॉक्टर कायद्याचा विचार करू लागले. अशा उशिराच्या आणि त्यातून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या इथल्या पत्रकारांनी नावानिशी दिल्या आहेत. मी परिचारिका आहे. रक्तस्राव होत असलेल्या बाईच्या उशाशी वाट बघत राहणं म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको. आमच्या मोर्चातल्या पुढाऱ्यांना विचारा, की ४७ व्या कलमात जे स्पष्ट आहे, ते तुमच्या राज्याच्या कायद्यात तितकंच स्पष्ट का नाही? हा प्रश्न मराठी वार्ताहराने विचारला तर मला आनंद होईल, कारण त्याच्यामागे बेळगावच्या मुलीचं नाव असेल आणि समोरच्याला तो टाळता येणार नाही.

आणखीही प्रश्न आहेत. अमेरिकेत बाळंतपणाची पगारी रजा देणारा देशव्यापी कायदा आजही नाही. १९९३ च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही लहान आस्थापनांत काम करणाऱ्यांना नाही. भारतात २०१७ पासून संघटित क्षेत्रातल्या बाईला सव्वीस आठवडे पगारी रजा आहे. हे इथल्या माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. इथे दहापैकी चार बाळंतपणांचा खर्च ‘मेडिकेड’ ही गरिबांसाठीची सरकारी योजना उचलते, आणि जीवनाच्या बाजूने भाषणं करणारे काही लोकप्रतिनिधी त्याच योजनेला कात्री लावायला हात वर करतात. २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे इथे १८.६ माता दगावल्या. कृष्णवर्णीय बायकांत हा आकडा ५०.३ होता. गर्भपात करून घेणाऱ्या बायकांची २०१४ साली मोठी पाहणी झाली. त्यांतल्या साधारण सहा दशांश आधीच आई होत्या, निम्म्या दारिद्र्यरेषेखालच्या होत्या आणि जवळपास पाव हिस्सा स्वतःला कॅथलिक म्हणवणाऱ्या होत्या. म्हणजे यांतली एखादी बाई रविवारी मिस्साला येते, एक-दोन मुलं तिच्या कडेखांद्यावर असतात आणि महिनाअखेरीला तिच्या हातात पैसे नसतात. आमच्या बिशपांनी २५ मार्च २०२० ला अशा आयांच्या पाठीशी उभं राहण्यासाठी धर्मग्रामांचा एक उपक्रम सुरू केला. काही ठिकाणी तो जीव लावून चालतो. काही ठिकाणी सूचनाफलकावरच्या कागदापुढे गेलेला नाही. तुमच्या वार्ताहराने कोणत्याही धर्मग्रामात जाऊन एवढंच विचारावं : गेल्या वर्षी किती आयांना घरभाड्याला मदत केलीत? उत्तर ऐकून आमचेच कान उघडतील.

कॅथलिकांमध्ये या विषयावर एकमत आहे हाही तुमच्या बातम्यांतून होणारा गैरसमज. प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या पाहण्यांप्रमाणे अमेरिकेतले दहापैकी सहा कॅथलिक गर्भपात सर्व किंवा बहुतेक प्रसंगी कायदेशीर असावा असं म्हणतात. मी त्यांच्यात नाही. पण ते माझ्याच बाकावर बसतात, आणि मोर्चाला निघालेल्या बसकडे बघून त्यांच्या मनात काय येतं, ते मला जाणून घ्यायला आवडेल.

याहून खोल एक वाद चर्चच्या आत चालू आहे. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी डिसेंबर १९८३ मध्ये फोर्डम विद्यापीठातल्या व्याख्यानात मांडलं, की गर्भातलं मूल, फाशीच्या कोठडीतला कैदी, युद्धात मरणारा माणूस, ही जीवनाची एकच साखळी आहे. काहींना ते पटलं, काहींना वाटलं की यात गर्भपाताचा प्रश्न पातळ होतो. वाद अजून मिटलेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मशिक्षणाच्या ग्रंथात फाशीची शिक्षा अस्वीकारार्ह ठरवली. पोप लिओ यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये पत्रकारांशी बोलताना विचारलं, की गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा, किंवा स्थलांतरितांना अमानुष वागवायला संमती, याला जीवनाची बाजू कसं म्हणायचं? हीच विसंगती मला जानेवारी २०२५ च्या मोर्चात दिसली, म्हणून तो विसरता येत नाही. त्याच आठवड्यात चर्च, शाळा, रुग्णालयं अशा ठिकाणी स्थलांतरितांना पकडायला जाऊ नये ही जुनी मर्यादा ट्रम्प यांच्या नव्या सरकारने काढून टाकली. २४ जानेवारीला उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स, जे स्वतः कॅथलिक आहेत, मोर्चाच्या व्यासपीठावर आले आणि दोनच दिवसांनी दूरचित्रवाणीवर त्यांनी स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या बिशपांवर टीका केली. आमच्या धर्मग्रामात एल साल्वादोरची कितीतरी कुटुंबं आहेत. याच मोर्चाला ती पोराबाळांसह येतात, ग्वादालुपे मातेचे झेंडे घेऊन चालतात. त्या शुक्रवारी त्यांनी कोणत्या मनाने ते भाषण ऐकलं असेल? ही बातमी होती. ती लिहायला मोर्चाच्या मधोमध चालावं लागलं असतं, स्पॅनिश बोलणारी एखादी आई गाठावी लागली असती. वृत्तसंस्थेच्या छायाचित्रात ती मिळत नाही.

तुम्हाला हे जमत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. तुम्ही ते करून दाखवलेलं आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले तेव्हा मराठी पत्रांनी त्यांना ‘ख्रिस्ती पाद्री’ म्हणून बाजूला सारलं नाही. पाणी आणि जमीन यांविषयी ते काय म्हणतात ते त्यांच्या तोंडून ऐकून छापलं. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. वारीला तुम्ही दरवर्षी वार्ताहर चालायला पाठवता. तो दिंडीत जेवतो, तळावर निजतो आणि मग लिहितो. तसा एक वार्ताहर एका जानेवारीत इकडे पाठवा, एवढी माझी पहिली विनंती आहे. पैशाची अडचण असेल तर इथे राहणाऱ्या मराठी पत्रकारांतल्या कोणाला सांगा.

दुसरी विनंती महाराष्ट्राविषयीची. आपल्या देशातला गर्भपाताचा कायदा १९७१ चा. तो ज्या समितीच्या अहवालावर उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. चोरून होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या बायका त्यांच्यापुढे होत्या आणि त्यांची ती काळजी मला समजते. सोनोग्राफी आणि गर्भजल परीक्षा आल्यावर मुली गर्भातच नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा मुंबईतल्या स्त्री कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, तुम्ही तो उचलून धरलात आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती, ती २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४ वर आली. या विषयावर तुम्ही बाईची मजबुरी आणि न जन्मलेल्या मुलीचा जीव, दोन्ही एकाच लेखात धरून लिहीत आलात. सासरचा दबाव झाकला नाहीत आणि जी मुलगी गेली तिलाही विसरला नाहीत. वॉशिंग्टनविषयी लिहितानाही मला तेवढंच हवं आहे. तुमच्या बातमीदारांना ते लिहिता येतं, म्हणूनच मागते आहे.

आणि एक. अमेरिकेतल्या भांडणाचं माप वसईच्या, मुंबईच्या, गोव्याच्या कॅथलिकांना लावू नका. गर्भाविषयीची शिकवण तिथेही हीच आहे. पण तिथला कॅथलिक समाज अल्पसंख्य आहे. त्याच्याजवळ ना असा मोर्चा, ना असं व्यासपीठ, ना मागे उभा राहणारा पक्ष. वसईतल्या धर्मभगिनींनी सांभाळलेल्या दवाखान्यांत सर्व धर्मांच्या बायका बाळंत होतात. या विषयावर त्यांना काय वाटतं, हे त्यांना विचारूनच लिहा. १९५५ पासून वसईहून ‘सुवार्ता’ हे मासिक निघतं आहे. आमची माणसं मराठीत विचार करतात, मराठीत भांडतात. त्यांना गाठायला तुम्हाला विमानाचं तिकीट लागत नाही.

छायाचित्रांबद्दलही सांगते. फुगलेलं पोट, चेहरा नसलेली बाई, किंवा गर्भाचं भडक चित्र, ही तिन्ही वापरणं बंद करा. शेवटचं आमच्यातलेही काही जण फलकांवर घेऊन येतात आणि ज्या बायकांचं मूल गर्भातच गेलं, त्यांना ते पाहून काय होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. गर्दीतल्या बाईचा चेहरा तिला विचारून छापा.

कोणी येणार असेल तर माहिती देऊन ठेवते. मोर्चा बहुधा २२ जानेवारीच्या आसपासच्या शुक्रवारी असतो. म्हणजे वार्ताहराला गुरुवारी दुपारपर्यंत शहरात पोचायला हवं. मेट्रोच्या रेड लाइनवर ब्रुकलंड–सीयूए स्थानकावर उतरलं की बॅसिलिका चालत जाण्याइतकी जवळ आहे. आत यायला कोणालाही आडकाठी नाही. धर्म विचारत नाहीत. संध्याकाळच्या मिस्साला बसायला जागा हवी असेल तर बरंच आधी यावं. खालच्या चर्चमधली आराधना पाहायची तर मध्यरात्रीनंतर थांबावं. मुलाखत घ्यायची ती मात्र बाहेर, पायऱ्यांवर. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली स्थापन झालेल्या ‘सिस्टर्स ऑफ लाइफ’ या संघाच्या धर्मभगिनी निळ्या-पांढऱ्या वेषात दिसतील. अडचणीतल्या गरोदर बायकांना त्या आपल्या घरी ठेवून घेतात, त्यांच्याशी जरूर बोलावं. दुसऱ्या दिवशी नॅशनल मॉलवर सभा असते, मग चाल कॅपिटॉलच्या दिशेने निघते. सर्वोच्च न्यायालयासमोर आमच्या विरोधात घोषणा देणाऱ्या बायकाही भेटतील. त्यांचंही म्हणणं लिहून घ्यावं. थंडी हाडांत शिरते, तेव्हा दोन जोड मोजे घालावेत. आणि वर लिहिलेले प्रश्न कागदावर उतरवून आणावेत, आमच्या लोकांना ते विचारायचे आहेत.



आपली नम्र,
वसईची एक वाचक
मेरीलँड, अमेरिका